मराठी प्रबंधासाठी वर्डची अनुक्रमणिका: कुठे भरवशाची, कुठे अडते

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये आपोआप तयार होणारी अनुक्रमणिका ही त्या प्रणालीतली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी सोय आहे. मराठी दस्तऐवजातही ती भरवशाने चालते. अट एकच: हेडिंगच्या स्टाइलमध्ये, म्हणजे नाव देऊन जतन केलेल्या सजावटीच्या संचात, देवनागरीसाठी वेगळा कप्पा असतो, तो ओळखून भरावा लागतो. वर्ड तो आपणहून समोर आणत नाही, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. दोन-तीनशे पानांचा प्रबंध, संस्थेचा अहवाल किंवा जाडजूड स्मरणिका करणाऱ्यांसाठी हे परीक्षण आहे. विंडोजवरचं वर्ड २०१६ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या इथे धरल्या आहेत. शेवटी लिबरऑफिस रायटर आणि गूगल डॉक्सशी थोडी तुलना केली आहे.

आधी मूळ यंत्रणा. वर्डला ठळक अक्षर, मोठा आकार, मध्यभागी आणलेली ओळ यांतलं काही शीर्षक म्हणून कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: परिच्छेदाला हेडिंग १, हेडिंग २ यांसारखी स्टाइल लावली आहे का, किंवा त्या परिच्छेदाला आउटलाइन लेव्हल, म्हणजे शीर्षकांच्या उतरंडीतली पातळी, दिली आहे का. हे नसेल तर ‘नो टेबल ऑफ कंटेंट्स एंट्रीज फाउंड’ अशी चूक दिसते. पहिल्या तीन पातळ्यांच्या स्टाइल लावायला कंट्रोल, ऑल्ट आणि १, २ किंवा ३ एवढं पुरतं. प्रबंध आधीच टंकून झाला असेल आणि सगळी शीर्षकं हाताने ठळक केलेली असतील, तर एकेक शोधत बसू नका. एका शीर्षकात कर्सर ठेवा, होम टॅबच्या उजव्या टोकाला ‘सिलेक्ट’ आहे, त्यात ‘सिलेक्ट ऑल टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग’ निवडा आणि एका फटक्यात हेडिंग २ लावा. अर्थात शीर्षकं खरोखरच एकसारखी सजवलेली असतील तरच हे साधतं. टंकणाऱ्याने कुठे १४ आणि कुठे १४.५ आकार ठेवला असेल, तर दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात.

स्टाइल लावून झाल्यावर रेफरन्सेस टॅबमधून ‘टेबल ऑफ कंटेंट्स’ उघडा. तिथे ‘मॅन्युअल टेबल’ नावाचा एक सापळा आहे. दिसायला ती अनुक्रमणिकाच, पण आतली प्रत्येक नोंद हाताने टंकायची असते आणि मजकूर बदलला तरी ती ढिम्म हलत नाही. ‘ऑटोमॅटिक टेबल’ खरी असते, पण डोक्यावर ‘कंटेंट्स’ असं इंग्रजीत लिहून येते. ते पुसून ‘अनुक्रमणिका’ टंका. अपडेट केल्यावर ते टिकतं, कारण ते शब्द नोंदींच्या फील्डबाहेर, म्हणजे वर्ड आपोआप भरतो त्या भागाबाहेर, असतात. प्रबंधासाठी मात्र तिसरा पर्याय, म्हणजे यादीच्या खालच्या भागातलं ‘कस्टम टेबल ऑफ कंटेंट्स’, हाच घ्यावा. पातळ्या किती, टिंबांची रांग कोणती आणि नोंदी कशा दिसाव्यात हे सगळं तिथेच ठरवता येतं. त्या खिडकीतलं ‘मॉडिफाय’ बटण फक्त ‘फ्रॉम टेम्प्लेट’ हे स्वरूप निवडलेलं असतानाच चालतं, हेही लक्षात असू द्या.

आता मराठीचा मुख्य प्रश्न. वर्डच्या प्रत्येक स्टाइलमध्ये फॉन्टचे दोन वेगळे संच असतात: एक लॅटिन लिपीसाठी, दुसरा कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी, म्हणजे अक्षरं जोडून आकार बदलणाऱ्या लिप्यांसाठी. देवनागरी दुसऱ्या संचात मोडते. फॉन्ट, ठळकपणा आणि आकार या तिन्ही गोष्टी तिथे स्वतंत्र नोंदलेल्या असतात. म्हणून असं होतं: हेडिंग १ ची स्टाइल उघडून आकार १८ केला, ठळक केलं, ओके दाबलं, आणि ‘प्रकरण’ हा शब्द जिथल्या तिथे. बदल झाला, पण तो लॅटिन बाजूला. मग वैतागून शीर्षक निवडून वरून हाताने आकार वाढवला जातो, आणि स्टाइल वापरण्याचा सगळा फायदा तिथेच संपतो.

यावरचा इलाज पाच मिनिटांचा आहे. फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे जाऊन मराठी ही संपादनाची भाषा म्हणून जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. मग स्टाइल्सच्या यादीत हेडिंग १ वर उजवी क्लिक, मॉडिफाय, खालचं फॉरमॅट बटण, त्यातलं फॉन्ट. उघडलेल्या खिडकीत वर ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि खाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग दिसतील. दोन्हींत तोच फॉन्ट, तीच जाडी, तोच आकार भरा. हेच हेडिंग २, हेडिंग ३, नॉर्मल आणि, जे सहसा राहून जातं, टीओसी १, टीओसी २ व टीओसी ३ (टीओसी म्हणजे टेबल ऑफ कंटेंट्स) या स्टाइलनाही करा. अनुक्रमणिकेतल्या नोंदी हेडिंगच्या स्टाइलमध्ये नव्हे, तर या टीओसी स्टाइलमध्ये दिसतात. नोंद एका फॉन्टमध्ये आणि समोरचा पृष्ठक्रमांक दुसऱ्याच फॉन्टमध्ये, थोडा लहान किंवा मोठा, असं छापलेल्या प्रबंधांत दिसतं, त्याचं कारण हेच: इंग्रजी आकडे लॅटिन संचातून आले, अक्षरं दुसऱ्या संचातून.

फॉन्ट निवडताना दोन्ही लिप्या असलेला घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्त ‘मुक्ता’ या कामाला फार चांगला आहे. त्यात जाड-बारीक असे बरेच प्रकार आहेत, त्यामुळे शीर्षकांची उतरंड नीट दाखवता येते. ‘टीरो देवनागरी मराठी’ मजकुरासाठी देखणा आहे, पण त्यात ठळक प्रकार नाही. वर्ड तो कृत्रिमरीत्या जाड करतो आणि जोडाक्षरं बुजतात. शीर्षकाला तो वापरायचा तर ठळक न करता आकार वाढवा. मंगल, कोकिळा, अपराजिता हे विंडोज १० पासून ऐच्छिक फॉन्टसंचात गेले आहेत, त्यामुळे ते प्रत्येक संगणकावर असतीलच असं नाही. मार्गदर्शकांच्या संगणकावर फॉन्ट नसला की वर्ड दुसरा बसवतो, ओळी सरकतात, पानं सरकतात, आणि अनुक्रमणिका मात्र जुनेच क्रमांक दाखवत राहते. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ वर खूण केली की हा त्रास बराचसा टळतो.

ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवू नका. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. नेमकं अंतर दिलं की ते छाटले जातात. ‘अ‍ॅट लीस्ट’ किंवा पटीतलं अंतर ठेवा.

नोंदींची मांडणी हा पुढचा टप्पा, आणि इथे वर्ड खरोखर समर्थ आहे. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. बांधणीसाठी डावा समास ३.८ आणि उजवा २.५ ठेवला, तर मजकुराला १४.७ सेंटिमीटर उरतात. टीओसी १ मध्ये उजवीकडचा टॅब (ओळीतला थांबा) बरोबर १४.७ वर, उजव्या जुळणीचा आणि टिंबांच्या रांगेसह द्या. समास नंतर बदलले तर हा आकडाही बदलावा लागतो. ते विसरलं की पृष्ठक्रमांक समासाच्या आत तरंगतात किंवा बाहेर जातात. मराठी प्रबंधांची शीर्षकं लांब असतात. ‘स्वातंत्र्योत्तर काळातील ग्रामीण कथेतील स्त्रीचित्रणाचे बदलते स्वरूप’ अशी नोंद दोन ओळींत जाते आणि तिची पहिली ओळ थेट पृष्ठक्रमांकाच्या रांगेत घुसते. त्यासाठी टीओसी स्टाइलला उजवा इंडेंट १ सेंटिमीटर द्या. मजकूर १ सेंटिमीटर आधीच वळतो, पृष्ठक्रमांक मात्र टॅबमुळे काठालाच राहतो. पहिल्या पातळीला ‘प्रकरण १०’ एवढा मजकूर मावेल असा २.५ सेंटिमीटरचा हँगिंग इंडेंट आणि तिथेच डावा टॅब ठेवा, म्हणजे दुसरी ओळ शीर्षकाखाली नीट लागते.

टीओसी स्टाइलमध्ये ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ हा पर्याय मुळातच चालू असतो. एका नोंदीची सजावट बदलली की त्या पातळीच्या सगळ्या नोंदी बदलतात. इथे ते सोयीचं आहे. हेडिंगच्या स्टाइलना मात्र ही खूण कधीही करू नये. एकच शीर्षक मध्यभागी आणायला जाल आणि सगळ्या प्रबंधाची शीर्षकं मध्यभागी जातील.

क्रमांकाबद्दल. ‘प्रकरण १’ हाताने टंकणं ही पुढच्या गोंधळाची पेरणी असते, कारण मध्ये एक प्रकरण घातलं की पुढचं सगळं हाताने बदलावं लागतं. होम टॅबवरच्या मल्टिलेव्हल लिस्टमध्ये ‘डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट’ उघडा, ‘मोअर’ दाबा आणि ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’ मध्ये पहिल्या पातळीला हेडिंग १, दुसरीला हेडिंग २ जोडा. क्रमांकाच्या चौकटीत करड्या पार्श्वभूमीच्या आकड्याआधी ‘प्रकरण’ आणि एक मोकळी जागा टंका. तो करडा आकडा पुसू नका. तो पुसून स्वतः आकडा टंकला तर सगळी प्रकरणं ‘प्रकरण १’ होतील. मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली असेल तर नंबर स्टाइलच्या यादीत देवनागरी १, २, ३ मिळतात. दुसऱ्या पातळीवर ‘लीगल स्टाइल नंबरिंग’ ची खूण करू नका, नाहीतर तिथले आकडे पुन्हा इंग्रजी होतात.

क्रमांक गळतो किंवा उडी मारतो, प्रकरण दोननंतर एकदम चार येतं, तेव्हा कारण जवळजवळ नेहमी सारखंच असतं: मध्ये कुठेतरी हेडिंग १ लावलेला रिकामा परिच्छेद आहे. नवं प्रकरण नव्या पानावर आणण्यासाठी एंटर दाबत गेल्याने तो तयार होतो. त्याऐवजी हेडिंग १ च्या परिच्छेद मांडणीत, ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ मध्ये, ‘पेज ब्रेक बिफोर’ वर खूण करा. प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर सुरू होईल. शीर्षक दोन ओळींत तोडण्यासाठी शिफ्ट-एंटर दाबलं तर तो तुकडा अनुक्रमणिकेतही तसाच तुटून येतो, तेही टाळा.

ऋणनिर्देश, प्रस्तावना, संदर्भसूची, परिशिष्टं यांना क्रमांक नको, पण अनुक्रमणिकेत जागा हवी. यासाठी हेडिंग १ वर आधारलेली ‘विनाक्रमांक शीर्षक’ अशी नवी स्टाइल करा, क्रमांक ‘नन’ करा आणि आउटलाइन लेव्हल १ राहू द्या. कस्टम खिडकीतल्या ऑप्शन्समध्ये ‘आउटलाइन लेव्हल्स’ वर खूण असली की ही शीर्षकं आपोआप येतात. उलट, एखादा सबंध परिच्छेदच अनुक्रमणिकेत उतरला असेल, तर त्या परिच्छेदाची आउटलाइन लेव्हल तपासा आणि ती ‘बॉडी टेक्स्ट’ करा.

सुरुवातीच्या पानांचे क्रमांक वेगळे ठेवण्यासाठी लेआउटमधून सेक्शन ब्रेक (नवा विभाग सुरू करणारी खूण) घाला, नव्या विभागाच्या पानाच्या तळाच्या पट्टीत (फूटरमध्ये) ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा आणि ‘फॉरमॅट पेज नंबर्स’ मध्ये १ पासून सुरुवात द्या. अनुक्रमणिका प्रत्येक नोंदीसाठी त्या विभागाचंच स्वरूप उचलते: देवनागरी आकडे दिले तर देवनागरी, रोमन दिले तर रोमन. हे काम वर्ड चोख करतं. पण मराठी पुस्तकांत प्रास्ताविक पानांना एक, दोन, तीन असे शब्द देण्याची जी पद्धत आहे, ती वर्डला जमत नाही. यादीत शब्दांतली मोजणी आहे, पण ती हिंदी आहे: एक, दो, तीन. दुसऱ्याच पानाला ‘दो’ असं छापलेला मराठी प्रबंध कुणालाच नको. यावर वर्डमध्ये स्वच्छ उपाय नाही, आणि इतक्या आवृत्त्या होऊनही तो नसावा याचं खरोखर वाईट वाटतं. प्रास्ताविक पानांना छोटे रोमन आकडे द्या, किंवा शब्द हवेच असतील तर सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, अनुक्रमणिकेत तेवढे पाच-सहा क्रमांक हाताने बदला.

श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेखसारख्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराचं गणित वेगळं आहे. वर्डच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरं असतात, फक्त फॉन्टमुळे ती देवनागरी दिसतात. हेडिंगच्या स्टाइलमध्ये हा फॉन्ट असला, तरी अनुक्रमणिका टीओसी स्टाइलचा कॅलिब्री किंवा अ‍ॅप्टॉस वापरते आणि अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. टीओसी १ ते ३ च्या लॅटिन कप्प्यात तोच जुना फॉन्ट भरला की छापील प्रत सुधारते. नॅव्हिगेशन पेन (बाजूची शीर्षकांची पट्टी) आणि पीडीएफचे बुकमार्क मात्र अगम्यच राहतात, कारण त्यांना फॉन्ट बदलता येत नाही. अंतिम प्रत ऑनलाइन जाणार असेल, तर आधी मजकूर युनिकोडमध्ये आणून मगच स्टाइल लावणं हा एकच शहाणपणाचा मार्ग आहे. रूपांतरानंतर रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द डोळ्यांखालून घाला; रूपांतरकं तिथेच जास्त चुकतात.

अपडेट करण्यासाठी अनुक्रमणिकेत कर्सर ठेवून एफ९ दाबा. ‘फक्त पृष्ठक्रमांक’ आणि ‘संपूर्ण तक्ता’ असे दोन पर्याय येतात. नेहमी दुसरा निवडा. शीर्षकं बदलली, खोडून पुन्हा टंकली आणि फक्त पृष्ठक्रमांक अपडेट केले, तर ‘बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ अशी चूक क्रमांकाच्या जागी येते, कारण जुन्या शीर्षकाला चिकटलेली लपलेली खूण शीर्षकाबरोबरच गेलेली असते. संपूर्ण तक्ता अपडेट केला की ती जाते. मात्र नोंदींत हाताने केलेल्या सगळ्या दुरुस्त्याही तेव्हा पुसल्या जातात, म्हणून दुरुस्ती कायम मूळ शीर्षकात करावी. ऑप्शन्समधल्या डिस्प्ले भागात ‘अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग’ चालू ठेवा. वेगवेगळी प्रकरणं एका फाइलमध्ये आणताना पेस्टचा ‘यूज डेस्टिनेशन स्टाइल्स’ हा पर्याय घ्या. ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ घेतला की जुनी सजावट हेडिंगवर वरून चिकटून येते.

पीडीएफ करताना ‘सेव्ह अ‍ॅज’ मधून पीडीएफ निवडा, ऑप्शन्समध्ये ‘क्रिएट बुकमार्क्स यूझिंग हेडिंग्ज’ वर खूण करा. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ या प्रिंटरने काढलेल्या पीडीएफमध्ये बुकमार्कही नसतात आणि अनुक्रमणिकेवर क्लिक करून पानावर जाताही येत नाही. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध प्रकरणनिहाय वेगळ्या पीडीएफमध्ये चढवले जातात. त्यासाठी प्रकरणांच्या वेगळ्या वर्ड फाइल करू नका, क्रमांक आणि पानं दोन्ही बिघडतील. सबंध फाइलचं एक पीडीएफ करा आणि मग ते पानांनुसार तोडा. तोडलेल्या भागांत अनुक्रमणिकेचे दुवे चालणार नाहीत, पण छापील पृष्ठक्रमांक बरोबर राहतील.

लिबरऑफिस रायटर मोफत आहे आणि शिकणाऱ्यासाठी एका बाबतीत वर्डपेक्षा सरस आहे: भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स लिपीची सोय चालू असली की स्टाइलच्या फॉन्ट टॅबवर पाश्चात्त्य आणि कॉम्प्लेक्स लिपीचे संच उघडपणे दिसतात. कंट्रोल आणि १, २, ३ ने हेडिंग लागतात, एफ११ ने स्टाइल्सची पट्टी उघडते, एफ५ च्या नॅव्हिगेटरमधून सबंध प्रकरण पोटशीर्षकांसह वर-खाली हलवता येतं. अनुक्रमणिकेतल्या एका ओळीत क्रमांक, मजकूर, टॅब, पृष्ठक्रमांक कोणत्या क्रमाने यावेत हे ‘एंट्रीज’ टॅबवर ठोकळे लावून ठरवता येतं. वर्डमध्ये इतकी मोकळीक नाही. एक सवय मात्र माहीत असावी. रायटर विषम पान उजवीकडेच ठेवतो, त्यामुळे मध्येच १ पासून क्रमांक सुरू केला की तो स्वतःहून एक कोरं पान घालू शकतो. पीडीएफ काढताना आपोआप घातलेली कोरी पानं वगळण्याची सोय तिथे आहे.

गूगल डॉक्स मार्गदर्शकांबरोबर मसुदा फिरवायला उत्तम, पण हेडिंगच्या स्टाइलशी जोडलेले प्रकरण-क्रमांक तिथे मिळत नाहीत आणि देवनागरीसाठी वेगळा फॉन्टकप्पाही नाही. मसुदा तिथे करा, शीर्षकं तिथल्याच हेडिंग स्टाइलमध्ये ठेवा. वर्डमध्ये उतरवल्यावर ती हेडिंग म्हणूनच येतात.

अंतिम प्रत पीडीएफच द्यायची असेल आणि सुरुवात कोऱ्या फाइलपासून होणार असेल, तर रायटर निवडायला हरकत नाही. विद्यापीठ किंवा मार्गदर्शक वर्डची फाइल मागत असतील, तर पहिल्या पानापासून वर्डमध्येच काम करा. रायटर आणि वर्ड यांच्यात फाइल फिरवत राहिलात, तर टीओसी स्टाइलचे टॅब आणि क्रमांकांची मांडणी दर खेपेला पुन्हा तपासावी लागते. आणि वर्ड निवडलंत, तर मजकुराचा पहिला शब्द टंकण्याआधी वर सांगितलेल्या सातही स्टाइल भरून ती फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करा, म्हणजे विभागातल्या पुढच्या विद्यार्थ्यालाही ती तशीच देता येईल.